स्वस्ताई आणि महागाई : मावळातील भावमानाचा मागोवा

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावात दोन गोष्टी हटकून घडतात. वर्गणीची यादी तयार होते आणि जुन्या दिवसांच्या आठवणी निघतात. पारावर बसलेली वडीलधारी मंडळी सांगू लागतात, की त्या काळी आण्याला अमुक मिळत असे, रुपयाला तमुक मिळत असे आणि एवढ्याशा पैशात घरचे लग्नकार्य पार पडत असे. तरुणांच्या हाती हजार रुपयांची पावती असते. आपल्या आजोबांनी देवळाला सव्वा रुपया दिला होता, हे ऐकून त्यांना नवल वाटते आणि थोडे हसूही येते. सव्वा रुपयात देवाचे काय झाले असेल, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे.

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. वस्तूचा भाव हा नुसता आकडा आहे. तो आकडा मिळवण्यासाठी माणसाला किती दिवस राबावे लागले आणि किती भात घालावे लागले, हे पाहिल्याखेरीज स्वस्त काय आणि महाग काय, याचा उलगडा होत नाही. जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी मावळच्या भावमानाचा इतिहास या दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

लेण्यांतील जमाखर्च

आपला मुलूख या बाबतीत भाग्यवान आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या देणगीदारांची नावे मावळात दगडावर कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर कोणता खांब कोणी दिला, ते लिहिलेले आहे. त्यांत धेनुकाकट गावचे अनेक दाते आहेत आणि काही यवनही आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी याने हे शैलगृह पुरे केल्याचा लेख तेथेच आहे. ‘मामाल’ या नावाने आपल्या मावळाचा उल्लेखही तेथील लेखांत येतो. एकेका खांबाची वर्गणी एकेका दात्याने द्यावी, ही पद्धत आजच्या जीर्णोद्धार समितीने नव्याने काढलेली नाही.

नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव दिले. त्याच्याच नाशिकच्या लेखात त्या काळचा हिशेब अगदी तपशिलाने आला आहे. त्याने तीन हजार कार्षापण कायमठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी दोन हजारांना दरमहा शेकडा एक आणि एक हजाराला दरमहा शेकडा पाऊण, असे व्याज ठरले होते. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे होते. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण होतो, हेही त्याच लेखावरून कळते. म्हणजे एका माणसाच्या वर्षाच्या वस्त्राला सोन्याच्या नाण्याचा तिसरा हिस्सा लागत असे. त्या काळी कापड किती मोलाचे होते, हे यावरून ध्यानात येईल. ‘पूर्वी सगळेच स्वस्त होते’ हे म्हणणे तपासून घ्यावे लागते, ते अशासाठी.

पायलीचा व्यवहार

पुढच्या काळात मावळच्या गावगाड्यात रोख पैशाला फारसे काम नव्हते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार हे बलुतेदार वर्षभर कुणब्याचे काम करीत आणि खळ्यावर आपले बलुते उचलीत. देवाची पूजाअर्चा करणाऱ्या गुरवाचा हक्कही खळ्यावरच ठरलेला असे. दिवाबत्तीसाठी अनेक देवस्थानांना इनाम जमिनी होत्या. लावणीला शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे सावडीने जावे, अशी रीत होती. चार शेरांची पायली हेच खरे नाणे होते.

रोख पैसा लागे तो मीठ, कापड, लोखंड अशा मोजक्या वस्तूंना आणि मुख्यतः सरकारच्या साऱ्याला. मीठ कोकणातील आगरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून येई. सारा मात्र रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरावा लागे. येथेच कुणब्याची गाठ आवळली जाई. सुगीत सर्वांचे भात एकदम बाजारात येई आणि भाव उतरे. साऱ्यासाठी त्याच वेळी भात विकणे भाग पडे. आषाढ-श्रावणात घरातली कणगी रिकामी झाली, की चढ्या भावाने धान्य घ्यावे लागे, किंवा सावकाराकडून सवाई-दिढीने आणावे लागे. सवाई म्हणजे एका पायलीला सव्वा पायली आणि दिढी म्हणजे दीड पायली परत करावयाची. भाव उतरला तरी कुणबी बुडे आणि चढला तरी बुडे.

या ओढाताणीचा कडेलोट पुणे जिल्ह्याने पाहिला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचा भाव भडकला आणि दख्खनेत पैसा खेळू लागला. त्या भरवशावर कर्जे झाली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र तसेच राहिले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली आणि ते लोण इतरत्र पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. दूरदेशीचा बाजारभाव गावच्या चुलीपर्यंत कसा पोचतो, याचा हा पहिला मोठा धडा होता.

घाट फुटला

तो भाव येथवर पोचला, त्याला वाटही मावळातूनच झाली. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तोपर्यंत घाटातून मालाची वाहतूक प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून होई, ती पुढे गाड्यांनी होऊ लागली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. या घाटकामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे खपत होती. मजुरी ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर मिळत नाही, म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी तेथे दंगा केला होता. आज आपण दोन बोगद्यांमधून दरीची शोभा पाहतो, त्या वेळी या माणसांची आठवण ठेवावी.

रेल्वेने भावाचे स्वरूपच बदलले. पूर्वी एका तालुक्यात धान्याचा दुष्काळ आणि पलीकडच्या तालुक्यात सुकाळ, असे चालत असे. आगगाडी आल्यावर सर्व बाजारांचे भाव एकमेकांशी बांधले गेले. दुष्काळात बाहेरून धान्य येऊ लागले, तसे येथील धान्यही मुंबईच्या भावाला ओढले जाऊ लागले. मावळचा आंबेमोहर पुण्या-मुंबईच्या पंगतीत मानाने जाऊन बसला. तो पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र पुष्कळदा नाचणी-वरीच राहिली. चांगला तांदूळ विकावा आणि भरड धान्य खावे, हा हिशेब मावळातील अनेक घरांनी पिढ्यान् पिढ्या केला.

लोणावळे हे रेल्वेमुळे वाढलेले गाव. १८७७ मध्ये तेथे नगरपालिका झाली. तेथील प्रसिद्ध चिक्कीचा उगमही रेल्वेच्या कामगारांना विकल्या जाणाऱ्या गुडदाणीत असल्याचे सांगतात. गूळ आणि शेंगदाणे हे कष्टकऱ्याचे पोटभरीचे खाणे होते. तेच पुढे सहलीला येणाऱ्या पाहुण्याने घरी न्यावयाची भेट झाले. वस्तू तीच राहिली, परंतु घेणारा बदलला आणि त्याबरोबर तिचे मोलही बदलले.

उजेड मुंबईला, पाणी मावळचे

१९११ मध्ये लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये येथल्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईस पोचली. वळवण, शिरोटा आणि लोणावळे ही धरणे या योजनेची. पुढे १९२२ मध्ये आंद्रा खोऱ्यातील ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजकेंद्र चालू झाले. मुंबईच्या गिरण्यांना ही वीज कोळशापेक्षा परवडली. मावळातील खेडी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमणीवरच राहिली.

शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा केली. सरकार आणि कंपनी जमिनीला पैसे देत होती, हे खरे. प्रश्न होता तो असा, की पिढ्यान् पिढ्या भात देणाऱ्या खाचराचा भाव एकदाच मोजून देता येतो काय? सत्याग्रहाला यश आले नाही आणि धरण झाले. परंतु तो प्रश्न मावळातून कधी गेला नाही. पुढे त्याने पुन्हा पुन्हा डोके वर काढले.

दोन महायुद्धे आणि मधली मंदी

पहिल्या महायुद्धाने (१९१४ ते १९१८) महागाई हा शब्द घरोघर नेला. धान्य, कापड, रॉकेल सर्वच कडाडले. युद्धाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्यांत मजुरांना महागाई भत्ता मिळू लागला. राहणीच्या खर्चाचा निर्देशांक काढण्याची पद्धतही त्यानंतर मुंबईत सुरू झाली. मावळच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण येथील घराघरातून कोणी ना कोणी मुंबईस गेलेला होता. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, तर कोणी डबे पोचवण्याच्या धंद्यात. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या धंद्यातील बहुसंख्य माणसे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातलीच. गिरणीतल्या भावाला महागाईप्रमाणे भत्ता मिळे. गावी राहून दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या भावाला तसले काही संरक्षण नव्हते. एकाच घरातील दोन भावांना एकच महागाई निरनिराळी लागत होती. मुंबईकर भावाच्या मनिऑर्डरीवर गावचे घर चाले आणि गावचे देऊळही उभे राही.

ज्याला लोक स्वस्ताईचे दिवस म्हणतात, ते बहुधा १९३० नंतरचे. १९२९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मंदीची लाट हिंदुस्थानात येऊन शेतमालाचे भाव चार वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. धान्य पाण्याच्या मोलाने मिळू लागले, हे अगदी खरे. पण सारा निम्मा झाला नव्हता आणि सावकाराचे मुद्दलही निम्मे झाले नव्हते. पूर्वी एक मण भात विकून जे देणे फिटे, त्याला आता दोन मण घालावे लागले. ठरावीक पगार घेणाऱ्या कारकुनाला ते दिवस सुखाचे गेले. कुणब्याच्या घरात त्याच स्वस्ताईने दागिने मोडले आणि जमिनी गहाण पडल्या.

दुसऱ्या महायुद्धात चित्र उलटले. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि पुढे कंट्रोल, शिधापत्रिका, काळाबाजार हे शब्द खेड्यातही रुळले. तांब्याची इतकी टंचाई झाली, की १९४३ मध्ये सरकारने मध्ये भोक असलेला पैसा काढला. लहान मुले तो करगोट्यात ओवीत. युद्ध संपले तरी भाव पूर्वपदावर आले नाहीत. त्यानंतर ते कधीच आले नाहीत, असेही म्हणता येईल.

आणे गेले, शेर गेले

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया हा हिशेब संपून शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. जमाखर्चाच्या वहीत रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने असत, त्यांचे दोन झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा पाव पैसा गिऱ्हाइकाने सोडावयाचा की दुकानदाराने, यावर बाजारात रोज वाद होत. पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि १९६२ पर्यंत शेर जाऊन किलो सक्तीचा झाला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराचा भाव किलोला लावला तर गिऱ्हाइकाचा लाभ होई, म्हणून दुकानदाराने भाव थोडा वाढवून मांडला. साध्या बायाबापड्यांना तीही महागाईच वाटली. मावळातील म्हाताऱ्या बायांनी पायली-शेर मात्र घरातून हलू दिले नाहीत.

दुष्काळ आणि लाटणे मोर्चा

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरणार नाही. मावळ हा पावसाचा मुलूख असल्याने येथे पाण्याचे हाल देशावरच्या इतके झाले नाहीत. धान्याचा भाव मात्र सर्वांना एकच होता. रेशनच्या दुकानात परदेशी मिलो ज्वारी आली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती दिवसाकाठी दोन-तीन रुपये पडत. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७३ मध्ये अरबी देशांनी खनिज तेलाचे भाव वाढवले आणि १९७४ मध्ये देशात महागाईचा दर शेकडा पंचविसाच्याही वर गेला. रॉकेलसाठी डबे घेऊन रांगेत उभे राहिलेली मुले आज आजोबा झाली आहेत.

या दुष्काळातून एक चांगली गोष्ट निघाली. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना महाराष्ट्राने कायद्याने पक्की केली आणि हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मजुरीला खालून टेकू मिळाला. पुढे केंद्र सरकारने २००५ मध्ये अशाच हमीचा कायदा केला. त्या योजनेखाली महाराष्ट्रातील मजुरीचा दर २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता.

भात आणि सोने

११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळे लोकल सुरू झाली. गावात राहून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात नोकरी करणे मावळच्या तरुणाला शक्य झाले. पगाराचा रोख पैसा दरमहा घरात येऊ लागला. शेतीतही बदल झाला. आंबेमोहर सुवासिक खरा, पण उतारा कमी आणि उंच वाढून लोळणारा. फिलिपाइन्समध्ये तयार झालेले आयआर-८ आणि आपला आंबेमोहर-१५७ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ‘इंद्रायणी’ हा वाण काढला. तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. वास बराचसा राहिला आणि उतारा वाढला. नदीच्या नावाचा हा तांदूळ आज महाराष्ट्रभर मावळची ओळख झाला आहे.

तरीही मेहनतीचे मोल किती वाढले, हे पाहण्यास एक सोपा हिशेब आहे. लग्नकार्यासाठी प्रत्येक घराला थोडेतरी सोने घ्यावे लागते. सरकारने साध्या भातासाठी जाहीर केलेला क्विंटलचा हमीभाव आणि १० ग्रॅम सोन्याचा त्या त्या वर्षीचा साधारण भाव शेजारी शेजारी मांडला, तर पुढील चित्र दिसते.

१९८०-८१ : भात १०५ रुपये, सोने सुमारे १,३३० रुपये, म्हणजे १० ग्रॅमला सुमारे १३ क्विंटल भात.
१९९०-९१ : भात २०५ रुपये, सोने सुमारे ३,२०० रुपये, सुमारे साडेपंधरा क्विंटल.
२०००-०१ : भात ५१० रुपये, सोने सुमारे ४,४०० रुपये, सुमारे साडेआठ क्विंटल.
२०१०-११ : भात १,००० रुपये, सोने सुमारे १८,५०० रुपये, सुमारे साडेअठरा क्विंटल.
२०२०-२१ : भात १,८६८ रुपये, सोने सुमारे ४८,६०० रुपये, सुमारे २६ क्विंटल.
२०२५-२६ : भात २,३६९ रुपये, सोने एप्रिल २०२५ मध्येच एक लाखास पोचले, ४२ क्विंटलांहून अधिक.

इंद्रायणीला हमीभावापेक्षा अधिक दर मिळतो, ही गोष्ट हिशेबात धरली तरी कल बदलत नाही. पंचेचाळीस वर्षांत भाताचा भाव साडेबावीस पटींनी वाढला आणि सोन्याचा पंचाहत्तर पटींनी. मध्यंतरी २००० च्या सुमारास भातवाल्याला सोने जरा आवाक्यात आले होते, हेही या आकड्यांवरून दिसते. त्यानंतर ते पुन्हा दूर गेले. भात महागला, ही शहरातल्या गिऱ्हाइकाची तक्रार आहे. भात घालून जे घ्यावयाचे, ते त्याहून फार अधिक महागले, ही पिकवणाऱ्याची तक्रार आहे. दोन्ही खऱ्या आहेत.

याच काळात काही वस्तू खरोखर स्वस्त झाल्या. साधे कापड, चप्पल, भांडी, घड्याळ यांसाठी आजोबांना जितके दिवस राबावे लागे, तितके नातवाला लागत नाही. १८७९ मध्ये पोस्टकार्ड पाव आण्याला, म्हणजे एका जुन्या पैशाला मिळे. ते अलीकडेही ५० पैशांनाच मिळत आले आहे. शिधापत्रिकेवरील धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना ते मोफत मिळू लागले. पावसाळ्यात रिकाम्या कणगीपुढे बसण्याची वेळ आज सहसा कोणावर येत नाही. पूर्वजांच्या स्वस्ताईत हे सुख नव्हते. उलट मुलांचे शिक्षण, दवाखाना आणि डोक्यावरचे छप्पर यांचा खर्च मात्र त्यांनी कल्पनाही केली नसेल इतका झाला आहे.

जमिनीचा भाव

सर्वांत अधिक भाव चढला तो जमिनीचा. लोणावळ्याभोवती बंगले उठले. १९७० च्या सुमारास पवना धरण झाले, त्यात गावे आणि खाचरे गेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी संपादित झाल्या. पूर्वी एकराने सांगितली जाणारी जमीन गुंठ्याने विकली जाऊ लागली. ज्या मुरमाड वरकसात वरीही धड येत नव्हती, तिला खाचरापेक्षा अधिक मोल आले, कारण तेथून धरणाचे पाणी दिसत होते.

या पैशाने कित्येक घरांचे कल्याण झाले, हे नाकारता येणार नाही. पक्की घरे झाली, मुले शिकली, धंदे निघाले. परंतु भात दरवर्षी येते आणि जमिनीचा पैसा एकदाच येतो, हे विसरलेल्या घरांची अवस्थाही गावोगाव दिसते. आपलीच जमीन ज्यांनी विकत घेतली त्यांच्याच बंगल्यावर राखणदार म्हणून राहण्याची पाळी काहींवर आली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना बऊर येथे गोळीबारात एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मुळशीच्या सत्याग्रहाचाच तो प्रश्न होता. पाणी, जमीन आणि त्यांचे मोल कोणी ठरवावयाचे, हा. मावळातून पुण्यास जाणाऱ्या दोन वाटा आज शेजारी शेजारी धावतात. लोकलचे लोणावळे-पुणे तिकीट पंधरा रुपयांच्या घरात आहे. द्रुतगती मार्गावर मोटारीला मुंबई-पुणे या एका खेपेस १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये टोल पडतो. महागाई सर्वांना सारखी नसते, हे जितके १९१८ साली खरे होते, तितके आजही आहे.

सव्वा रुपयाचे मोल

आता पारावरच्या मूळ प्रश्नाकडे वळावे. औद्योगिक कामगारांच्या सरकारी निर्देशांकावरून पाहता १९६० ते २०२५ या काळात राहणीचा खर्च सुमारे पंचाण्णव पट झाला आहे. १९८२ पासून मोजले तर सुमारे वीस पट आणि २००१ पासून मोजले तर चार पटींहून थोडा अधिक. म्हणजे १९६० मध्ये ज्याने देवळाला ११ रुपये दिले, त्याने आजच्या हिशेबाने हजाराहून अधिक दिले. ज्याने ५१ दिले, त्याने जवळजवळ पाच हजार दिले. १९८२ चे १०१ रुपये म्हणजे आजचे दोन हजार. ज्या माउलीने सव्वा रुपया पदराच्या गाठीतून सोडून दिला, तिने आजचे शंभराहून अधिक रुपये दिले. तेही अशा काळी, जेव्हा मजुराच्या घरात रोख रुपया क्वचितच दिसे. एखाद्याने रुपया नसल्याने पायलीभर तांदूळ आणून घातला असेल, किंवा चार दिवस दगड वाहिले असतील. त्याचा हिशेब तर कोणत्याच निर्देशांकात सापडणार नाही.

लहान नाण्याने मोठे काम होते, याचा दाखला मावळाच्या भूमीतच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा घेऊन देशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तो एक पैसा आज चलनात नाही. पंचवीस पैशांचे नाणेसुद्धा ३० जून २०११ नंतर बाद झाले. परंतु त्या पैशांनी उभे केलेले काम इतिहासात नोंदले गेले आहे.

जुन्या देवळाच्या पायात ज्यांचे आणे आणि पायल्या गेल्या, त्यांच्यापैकी पुष्कळांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. आज चुन्याच्या घाणीऐवजी सिमेंट आले आहे, कौलांऐवजी स्लॅब आली आहे आणि खर्चाचा आकडा लाखांत गेला आहे. या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची जी यादी असेल, ती वाचताना आकड्यांची तुलना करण्याचे कारण नाही. ज्याने त्याने आपल्या मिळकतीतून काय बाजूला काढले, तेच देवाच्या दरबारी मोजले जाते. पुढच्या पिढीला आजचे हजार-लाख कदाचित आण्यांसारखे किरकोळ वाटतील. त्या वेळी पारावर बसलेल्या कोणीतरी त्यांना हा हिशेब समजावून सांगावा, आणि ज्या जमिनीच्या भातातून या देवळाचा नैवेद्य पिढ्यान् पिढ्या झाला, त्यातली थोडीतरी जमीन तोवर गावाच्या हाती राहावी, हीच ग्रामदैवताचे चरणी प्रार्थना.